आकड्यात न मावणारी लेसरची ऊर्जा

फेब्रुवारीचा अखेरचा आठवडा आला की वर्तमानपत्रांत, वृत्तवाहिन्यांवर आणि आपल्या या भिंतीवरही विज्ञानाच्या बातम्यांना भरती येते. २८ तारखेचा राष्ट्रीय विज्ञान दिन हे निमित्त असते. एरवी वर्षभर कोपऱ्यात पडलेले विषय त्या आठवड्यात पहिल्या पानावर येतात: क्वांटम संगणक, सेमीकंडक्टरचे कारखाने, नव्या पिढीचे सौरघट. एप्रिल २०२३मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनला मान्यता दिली, तेव्हा ६,००३.६५ कोटी रुपयांचा आकडा घराघरांत पोहोचला. या साऱ्या बातम्यांच्या तळाशी एक वस्तू असते, तिचे छायाचित्र मात्र कधी छापून येत नाही, कारण छायाचित्रात दिसण्यासारखे तिच्यात काहीच नसते. ही वस्तू म्हणजे एखाद्या धातूच्या ऑक्साइडचा, काचेवर किंवा स्फटिकाच्या चकतीवर बसवलेला, अत्यंत पातळ थर. अतिवाहक क्यूबिटच्या पोटात ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांमध्ये दडलेला असतो तो ऑक्साइडचाच पापुद्रा, आणि आपण हा मजकूर ज्यावर वाचत आहात त्या पडद्याला बोटाचा स्पर्श कळतो तोही इंडियम-टिन ऑक्साइडच्या पारदर्शक, तरीही वीज वाहून नेणाऱ्या थरामुळेच.

असे थर तयार करण्याच्या अनेक रीती आहेत. माझ्या आयुष्याची बरीच वर्षे त्यांतल्या एकीच्या सहवासात गेली. तिचे नाव पल्स्ड लेसर डिपॉझिशन. प्रयोगशाळेत सगळे तिला नुसते ‘पीएलडी’ म्हणतात. रीत सांगायला सोपी आहे. निर्वात चेंबरमध्ये ऑक्साइडची भाजून घट्ट केलेली एक टिकली फिरत असते, तिला टार्गेट म्हणायचे. खिडकीतून आत आलेला लेसरचा स्पंद तिच्यावर आदळतो. पृष्ठभागावरचा कणभर पदार्थ उडतो, तप्त आयनद्रव्याचा एक झळाळता तुरा उमलतो आणि समोर चार-सहा सेंटिमीटरवर टांगलेल्या तापलेल्या चकतीवर जाऊन विसावतो. एका स्पंदात बसतो तो थर अणूच्या जाडीहूनही कमी. शंभर नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे आठशेव्या हिश्शाइतका थर हवा असेल तर असे हजारो स्पंद लागतात. सेकंदाला पाच या गतीने पाच हजार स्पंद द्यायला सतरा मिनिटे पुरतात. तो तुरा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ काही बोलू शकले नव्हते. झिंक ऑक्साइडचा निळसर, टायटेनियमचा पांढुरका. प्रत्येक पदार्थाचा रंग वेगळा.

या रीतीचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. १९६० साली थिओडोर मायमन यांनी जगातला पहिला लेसर प्रज्वलित केला, तो माणकाच्या कांडीतून. माणिक म्हणजे काय, तर क्रोमियमचा लवलेश असलेले ॲल्युमिनियम ऑक्साइड. म्हणजे लेसर जन्माला आला तोच एका धातूच्या ऑक्साइडच्या पोटी! पाचच वर्षांत, १९६५मध्ये, स्मिथ आणि टर्नर यांनी माणकाच्या लेसरनेच निर्वातात पातळ थर बसवून दाखवले. पण त्या थरांवर शिंतोडे फार, म्हणून ती कल्पना पुढची वीस-बावीस वर्षे अडगळीत राहिली. तिचे भाग्य उजळले १९८७ साली. इट्रियम, बेरियम आणि तांबे यांचे एक ऑक्साइड ९२ केल्व्हिनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या उत्कलनबिंदूच्याही वर, अतिवाहक होते असे तेव्हा नुकतेच कळले होते. त्या पदार्थात तिन्ही धातूंचे प्रमाण एकास दोनास तीन असेच राखावे लागते, आणि प्रस्थापित रीतींना ते प्रमाण थरात उतरवणे अवघड जात होते. अमेरिकेतील बेलकोर प्रयोगशाळेत टी. व्यंकटेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरने ते साधले. टार्गेटमध्ये जे प्रमाण, तेच थरात. हे व्यंकटेशन आपल्याकडचे, आणि त्यांच्या या कामानंतर जगभरच्या प्रयोगशाळांत पीएलडीची यंत्रे उभी राहिली.

त्याच वर्षी पुण्यातही एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध झाला. पुणे विद्यापीठातील सतीशचंद्र ओगले, व्ही. जी. भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोखंडाचा तुकडा पाण्याखाली ठेवून त्यावर माणकाच्या लेसरचे स्पंद सोडले. पृष्ठभाग क्षणार्धात वितळला, पाण्यातील ऑक्सिजनशी संयोग पावला आणि तितक्याच झपाट्याने गोठला. एरवी जे टिकत नाही असे लोहाचे ऑक्साइड या घाईत जागच्या जागी अडकून पडले. द्रवात लेसर चालवून नॅनोकण बनवण्याची आज एक मोठी शाखा झाली आहे, आणि तिचा आढावा घेणारे परदेशी लेखक आरंभ बहुधा पुण्याच्या याच शोधनिबंधापासून करतात. आपल्याकडच्या बातम्यांत मात्र त्याचा उल्लेख मी क्वचितच वाचला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. लेसरची ऊर्जा वाढवली किंवा घटवली तर थराच्या गुणधर्मांत काय फरक पडतो? प्रश्न सरळ दिसतो, पण ‘ऊर्जा’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दाटीवाटीने राहतात, आणि त्यांची गल्लत झाली की पुढचे सगळेच बिनसते.

पहिली ऊर्जा प्रकाशाच्या एकेका कणाची, म्हणजे फोटॉनची. ती तरंगलांबीवर ठरते. १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरचा फोटॉन १.१७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, तर २४८ नॅनोमीटरच्या अतिनील एक्सायमर लेसरचा पाच इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. झिंक ऑक्साइडमधील इलेक्ट्रॉनला उंबरठा ओलांडायला सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. अतिनील फोटॉन तो सहज ओलांडतो, त्यामुळे सारा प्रकाश वरच्या शंभरेक नॅनोमीटरमध्येच शोषला जातो आणि पृष्ठभाग स्वच्छ उडतो. अवरक्त प्रकाश मात्र दोष सापडेल तिथे शोषला जात खोलवर शिरतो. आतला पदार्थ वरच्याआधी उकळू लागतो आणि शिंतोडे उडतात. दाट पिठल्याच्या तळाशी वाफ कोंडली की वरून ते कसे उसळते, तसेच.

दुसरी ऊर्जा संपूर्ण स्पंदाची. ती मिलिजूलमध्ये मोजतात आणि बहुतेक लोक ‘लेसर एनर्जी’ म्हणतात ती हीच. ही किती असते? चाळीस मिलिजूल म्हणजे एक रुपयाचे नाणे जमिनीवरून मीटरभर उचलायला लागते साधारण तेवढी. हसू येईल इतकी थोडी. पण ती अवघ्या पंचवीस नॅनोसेकंदांत आणि दोन चौरस मिलिमीटरच्या ठिपक्यात ओतली जाते. त्या निमिषापुरती शक्ती होते सोळा लाख वॉट. म्हणून नुसते मिलिजूल सांगून काहीच कळत नाही. ते किती क्षेत्रावर पडले हे सांगावे लागते. दोनशे मिलिजूल दहा चौरस मिलिमीटरवर पडले तर दर चौरस सेंटिमीटरला दोन जूल होतात; तेच एका चौरस मिलिमीटरवर गोळा केले तर वीस. यंत्रावरचा आकडा दोन्ही वेळा तोच! दर क्षेत्रफळाच्या या ऊर्जेला फ्लुएन्स म्हणतात, आणि थराचे भवितव्य ठरते ते तिच्यावर.

ज्वारीच्या लाह्या करताना पाहिल्या असतील तर पुढचे लगेच ध्यानात येईल. मंद आचेवर दाणा नुसता वाळतो, करपतो. कढई पुरेशी तापलेली असली की तोच दाणा एका क्षणात फुटून उमलतो. फ्लुएन्स उंबरठ्याच्या खाली असेल तर टार्गेट नुसते भाजले जाते. त्यातला जो घटक जास्त उडून जाणारा, तो आधी निघतो आणि थरातले प्रमाण बिघडते. उंबरठा ओलांडला की सगळे घटक एकदम, एकाच पंगतीला बसल्यासारखे निघतात. ऊर्जा आणखी वाढवली की तुऱ्यातले कण सेकंदाला दहा किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने धावतात. काही अंशी हे चांगलेच असते. चकतीवर पोहोचलेल्या अणूपाशी थोडी ऊर्जा उरली असेल तर तो इकडेतिकडे सरकून आपली योग्य जागा शोधतो. स्फटिक मोठे होतात, थर घट्ट आणि सलग बसतो. पण ती मर्यादाही लवकरच येते. अणूंमधील बंध काही थोड्या इलेक्ट्रॉन-व्होल्टचे आणि येणारे आयन दहापट, वीसपट ऊर्जेचे असले, तर नवे पाहुणे आधी बसलेल्यांनाच उठवून लावतात. ऑक्सिजन हलका, तो सर्वांत आधी जागा सोडतो. वितळलेले थेंबही उडू लागतात आणि थरावर देवीच्या व्रणांसारख्या खुणा उमटतात.

ऑक्सिजनच्या या रिकाम्या जागा हाच ऑक्साइडांच्या साऱ्या नाट्याचा गाभा आहे, असे मला वाटत आले आहे. ऑक्सिजनचा एक अणू गेला की त्याचे दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात. त्यामुळे पारदर्शक आणि वीजरोधक टायटेनियम डायऑक्साइड निळसर-काळे पडते आणि वीज वाहू लागते. व्हॅनेडियमची तर कितीतरी ऑक्साइडे आहेत. त्यांपैकी व्हॅनेडियम डायऑक्साइड ६८ अंश सेल्सिअसच्या आसपास वीजरोधकाचे एकाएकी धातूसारखे होते. ऊन वाढले की आपोआप उष्णता अडवणाऱ्या खिडक्यांचे स्वप्न त्यावर उभे आहे. पण लेसरची ऊर्जा आणि चेंबरमधील ऑक्सिजनचा दाब यांची जोडी जराशी हलली की चकतीवर बसते ते त्याचे दुसरेच भावंड, ज्याला ६८ अंशांचे काहीच सोयरसुतक नसते. स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या बाबतीत फ्लुएन्स किंचित बदलला तरी स्ट्रॉन्शियम आणि टायटेनियमचे प्रमाण ढळते. आदर्श स्फटिकात अणूंच्या घराची बाजू ०.३९०५ नॅनोमीटर, प्रमाण ढळले की घर फुगते, आणि क्ष-किरणांनी ते फुगणे मोजता येते.

यातून वादही उपजले. २००४ साली ओहतोमो आणि ह्वांग यांनी दाखवले की लँथनम ॲल्युमिनेट आणि स्ट्रॉन्शियम टायटनेट हे दोन्ही वीजरोधक, पण त्यांच्या सीमेवर वीज वाहते. केवढी खळबळ! शेकडो प्रयोगशाळा त्यामागे लागल्या. काही वर्षांतच प्रश्न पुढे आला: ही वीज खरोखर सीमेचीच, की कमी दाबात, जोरदार तुऱ्याच्या माऱ्याखाली खालच्या स्फटिकातून निसटलेल्या ऑक्सिजनची देणगी? काही नमुन्यांत तरी ती बहुतांशी दुसरीच निघाली. सीमेवरचा परिणाम खरा होता, पण तो वेगळा काढायला फार सोसावे लागले. हाफ्नियम ऑक्साइडच्या थरांत सापडलेल्या चुंबकत्वाचीही अशीच कथा आहे. नमुना स्टीलच्या चिमट्याने धरला तरी तसा संकेत उमटू शकतो, हे एका गटाने दाखवून दिले. अशा गोष्टी वाचून मला निराशा वाटत नाही, उलट विश्वास वाटतो. ‘नवा गुणधर्म सापडला’ या बातमीपेक्षा ‘तो कशामुळे आला ते सापडले’ ही बातमी मला नेहमीच मोठी वाटली आहे. ती मात्र सहसा कुणी देत नाही.

माझ्या परिचयाच्या एका विद्यार्थिनीची हकिकत इथे सांगितली पाहिजे. लहान गावातून आलेली, पहिल्या पिढीची पदवीधर. एका संस्थेच्या सामायिक यंत्रावर तिला आठवड्यातून एक दिवस मिळे. झिंक ऑक्साइडमध्ये थोडे ॲल्युमिनियम मिसळून पारदर्शक वाहक थर करायचे, असा तिचा विषय. पहिल्या महिन्यातले थर उत्तम निघाले. मग मात्र दर खेपेस रोध वाढू लागला. टार्गेट तेच, तापमान तेच, दाब तोच, लेसरच्या पडद्यावर दोनशे मिलिजूल तेच. जाडी मोजण्याचे यंत्र दुसऱ्या संस्थेत, आणि तिथली रांग तीन महिन्यांची. वार्षिक आढाव्याला बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी तिचे आलेख पाहिले आणि हसून म्हणाले, “हाताला वळण नाही अजून. यंत्र सगळ्यांना सारखेच असते.” मी त्या खोलीत होते. तिने मान खाली घातली, ती चहा येईपर्यंत वर केली नाही.

कारण सापडले ते खिडकीत. तुरा चकतीकडे झेपावतो खरा, पण त्यातला काही अंश मागेही परततो आणि लेसर ज्या क्वार्ट्झच्या खिडकीतून आत येतो तिच्यावरच हळूहळू बसतो. खिडकीवरही थरच तयार होत असतो, म्हणा ना! तिने हट्टाने खिडकी उतरवून घेतली आणि ऊर्जामापक आधी खिडकीच्या अलीकडे, मग पलीकडे धरला. दोनशेपैकी आत जेमतेम एकशे तीस पोहोचत होते. दर आठवड्याला तिचे थर आणखी पातळ, आणखी विस्कळीत होत होते, आणि पडद्यावरचा आकडा निर्विकार होता. खिडकी घासून स्वच्छ केल्यावर पुढच्याच खेपेस पहिल्या महिन्यातले थर परत मिळाले. तिचे दीड वर्ष मात्र परत मिळाले नाही. तिची शिष्यवृत्ती ठरलेल्या तारखेलाच संपली. आढाव्याच्या इतिवृत्तात ‘प्रायोगिक कौशल्य सुधारणे आवश्यक’ हे वाक्य आजही तसेच आहे.

हे एका यंत्राचे दुखणे असते तर लिहिण्याचे कारण नव्हते. शोधनिबंध वाचताना मी आता एक खेळ खेळते: ‘लेसर ऊर्जा’ म्हणून दिलेला आकडा कुठे मोजला आहे ते शोधते. लेसरच्या तोंडाशी? भिंगानंतर? की टार्गेटवर? ठिपक्याचे क्षेत्रफळ दिले आहे का? पुष्कळदा यातले काहीच नसते. ‘ऊर्जा वाढवल्यावर स्फटिकांचा आकार वाढला’ एवढेच असते. दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या मुलीने त्या आकड्यावर विसंबून प्रयोग केला तर तिच्या हाती काय लागणार? शिवाय दगा देणारी एकटी खिडकीच नसते. टार्गेटवर मारा होऊन होऊन सूक्ष्म सुळके उगवतात. ते सँडपेपरने घासावे लागतात. एक्सायमरमधला क्रिप्टॉन-फ्लोरिनचा वायू जुना होत जातो. ऊर्जा टिकवण्यासाठी यंत्र विजेचा दाब वाढवते, आणि त्याबरोबर किरणाचा आकारही पालटतो. त्या मिश्रणात बहुतांश भाग निऑनचा असतो. २०२२मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि निऑनचा जागतिक पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा वायू बदलणे पुढे ढकलत राहणाऱ्या प्रयोगशाळा मला ठाऊक आहेत.

आपल्या देशात या विषयाचे ज्ञान कमी आहे असे कुणी समजू नये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिवाहक थरांवर, कोची विद्यापीठात पारदर्शक वाहक ऑक्साइडांवर, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात झिंक ऑक्साइडवर लेसरने उत्तम काम झाले आहे. इंदूरलाच यूजीसी-डीएई संशोधन संघाची प्रयोगशाळा आहे. विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी तिची दारे खुली असतात. खानदेशातून बऱ्हाणपूर-खंडव्याच्या रस्त्याने, नमुन्यांच्या डब्या मांडीवर सांभाळत, मी तिथे किती वेळा गेले याची गणती नाही. इंडस-२ या १७२ मीटर परिघाच्या वर्तुळातून निघणाऱ्या क्ष-किरणांखाली नमुना ठेवला की त्यातले टायटेनियम किती ऑक्सिजन गमावून बसले आहे ते आलेखाच्या एका वळणात दिसते. पहाटे तीनला तो आलेख उमटताना पाहणे हे सुख आहे. राष्ट्रीय संकेतस्थळावर नोंदणी करून दूरच्या संस्थेतले यंत्र वापरण्याची सोयही आता झाली आहे. कमी आहे ती यंत्राशेजारी कायम बसणाऱ्या माणसाची. कोट्यवधींची यंत्रे मंजूर होतात. ऊर्जामापक, जादा खिडकी आणि रोजची नोंदवही लिहिणारा तंत्रज्ञ यांच्यासाठी मात्र अर्जात रकानाच नसतो.

नोंदवहीत काय लिहावे, असे या विषयात नव्याने येणारी मुले मला विचारतात. टार्गेटवर पोहोचलेली ऊर्जा, उष्णतेला संवेदनशील असणाऱ्या कागदावर एक स्पंद मारून मिळालेला ठिपका आणि त्याचे क्षेत्रफळ, खिडकी शेवटची कधी पुसली ती तारीख, त्यानंतर झालेले स्पंद. चार ओळी होतात. कागदावरचा तो ठिपका वहीतच चिकटवावा. वर्षभराने भिंग हलले होते की नाही हे तोच सांगतो.

आणि थर तयार झाला म्हणजे लेसरच्या तावडीतून सुटला, असेही नाही. ज्या शोधासाठी आपण विज्ञान दिन पाळतो, त्या रामन परिणामानेच आज ऑक्साइडांची ओळख पटवतात. १९२८ साली कलकत्त्याच्या बोबाजारमध्ये रामन आणि कृष्णन यांच्यापाशी सूर्यप्रकाश आणि पाऱ्याचा दिवा होता. विखुरलेला प्रकाश इतका मंद, की तो दिसणे हीच अडचण. आज लेसरमुळे तो भरपूर दिसतो. टायटेनियम डायऑक्साइडचे ॲनाटेज रूप १४४ या आकड्याशी एक उंच शिखर दाखवते आणि दोन मिनिटांत ओळखू येते. पण मॅग्नेटाइट हे लोहाचे काळे ऑक्साइड तपासताना लेसर सूक्ष्मदर्शकातून एका मायक्रॉनवर एकवटतो, आणि काही मिलिवॉटच पुरतात: तो ठिपका तापतो, हवेतला ऑक्सिजन घेतो आणि पाहता पाहता हेमेटाइट होतो. आलेखावर हेमेटाइटची शिखरे उमटतात, आणि नमुन्यात ते आधीपासूनच होते असे कुणीही समजेल. म्हणून आमच्याकडे पहिला आलेख अगदी क्षीण लेसरवर, अर्धा तास वाट पाहून घेतात. नंतर शक्ती वाढवून दुसरा घेतात, आणि दोन्ही जुळले तरच पुढे जातात. सूक्ष्मदर्शकातून नमुना पुन्हा पाहिला, तर कधी कधी काळ्या थरावर एक इवलासा तांबूस ठिपका दिसतो.